पाणी ओतणं ही दुरुस्ती नव्हे



आज पिकाचं नाही, गाडीचं बोलतो. आपल्याकडे कितीतरी पिकअपमध्ये सीटमागं पाण्याचा कॅन ठेवलेला असतो. विचारलं की उत्तर येतं, "जरा पाणी पिते गाडी." माझं मत स्पष्ट आहे. गाडी पाणी पीत नाही. कूलंट बंद चक्रात फिरतं. सारखं कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय. ती जागा न शोधता ओतत राहणं म्हणजे फुटका रांजण भरणं.

गळती शोधायचं शेतकऱ्याला नवीन नाही. ठिबकची नळी कुठं फुटलीय हे मोटर बंद असताना कळतं का? मोटर चालू केली, दाब आला, की कारंजं दिसतं. रेडिएटरचंही तेच. पाणी 100 अंशांना उकळतं, पण झाकण साधारण 1 बार जादा दाब धरून ठेवतं, म्हणून ते 120 च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. थंड गाडीखाली जमीन कोरडी असते, आणि लोड घेऊन चढाला लागली की गळायला लागते. त्यातही थेंब गरम लोखंडावर पडून वाफ होतो. मागं राहतो फक्त डाग.

म्हणून डाग शोधा. इंजिन पूर्ण थंड असताना. गरम झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. सगळ्या नळ्यांचे क्लिप, रेडिएटरचे सांधे, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र, सगळीकडं बॅटरी मारून बघा. पांढरा, हिरवा, गुलाबी असा वाळलेला ओघळ दिसला तर वाट तिथूनच आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. एसीचं पाणी स्वच्छ असतं. कूलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत लागतं.

एवढं करून सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. झाकणाच्या जागी बसणारा हातपंप असतो. झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठंच ओल नाही, तर डॅशबोर्डखाली पाय ठेवायची जागा चाचपा. तिथं ओल असेल तर हीटर गळतोय. तिथंही नसेल, आणि ऑइल दुधाळ झालंय किंवा गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, तर हेड गॅस्केटकडं संशय जातो. मग गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची.

मागच्या हंगामात आमच्या भावकीतल्या अण्णांना एका गॅरेजात सांगितलं, रेडिएटर गेला, नवीन टाका. आम्ही म्हटलं, आधी दाब देऊन दाखवा. दाब दिला तर रेडिएटर कोरडा ठणठणीत. खालच्या नळीला क्लिपपाशी चीर होती. नळी आणि दोन क्लिपात काम भागलं. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो: जागा दाखवल्याशिवाय पार्ट बदलायला हो म्हणू नका.

आता हळदीचं. भोकाला हळद लागते, गळती थांबते, हे खरंय. पण हळदीला भोक आणि रेडिएटरची बारीक नळी यातला फरक कळत नाही. ती दोन्ही बुजवते. बाजारातल्या गळती बंद करायच्या बाटलीबद्दलही माझं तेच मत. जुन्या पितळी रेडिएटरला झाळ मारता येते, तो करणारा कारागीर असेल तर जरूर करा. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला वर प्लॅस्टिकची टाकी असते. ती सांध्यात गळायला लागली तर एम-सील लावून आठवडा निघेल, हंगाम निघणार नाही. तिथं बदलणंच स्वस्त. आणि झाकणाचं रबर कडक झालं असेल तर आधी झाकण बदला. सगळ्यात स्वस्त पार्ट तोच.

बोअरचं पाणी ड्रीपरचं काय करतं ते आपण रोज बघतो. तेच क्षार रेडिएटरमध्ये बसतात. त्यामुळे बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीनं सांगितलेलं कूलंट, एवढंच घाला. वाटेत अडलात तर साधं पाणी चालेल, पण इंजिन निवल्यावर. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, पोटात विष. कुत्रं चाटतं, वासरू तोंड लावतं. काढलेलं कूलंट ओढ्यात, बांधावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजात द्या. गाडीखाली सांडलेलंही पुसून घ्या.

कुणी म्हणेल, काटा वर गेला की थांबू की. पण पाणी पुरतं संपलं तर सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा साधा दाखवू शकतो. नळी शेकड्यात येते, हेडचं काम हजारांत जातं. आणि त्या दिवशी मागं भरलेला टोमॅटो कुणासाठी थांबत नाही.

तोडणी सुरू व्हायच्या आधी एक सकाळ काढा आणि बॉनेट उघडा. तुमच्या गाडीची गळती कुठं सापडली ते खाली लिहा, दुसऱ्याला उपयोग होईल.