बरणीवर नाव हवेच!

गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण पडले की हल्ली त्याच्याच एका कोपऱ्यात तुळस, पुदिना आणि गवती चहाही दिसू लागला आहे. कुंडीत भरभरून आलेला पाला पावसाळ्यासाठी राखून ठेवण्याची ही रीत चांगलीच. मात्र पापडाला हवे असणारे कडक ऊन या पाल्याला मानवत नाही.

पानांचा वास त्यांतील सुगंधी तेलामुळे असतो. मे महिन्याच्या उन्हात ते उडून जाते आणि हाती उरतो काळपट चुरा. म्हणून तुळस मंजिऱ्या येण्याआधी, सकाळी दव ओसरल्यावर खुडावी. धुऊन, पाणी निथळून, सुती कापडावर पातळ पसरून हवेशीर सावलीत वाळवावी. पान चुरगळताच कुरकुरीत मोडले, तरच बरणीत भरावे. ओल राहिली तर पावसाळ्यात बुरशी धरते. अशी बरणी वरवर साफ करून वापरू नये, सगळी टाकून द्यावी. काही बुरश्यांचे विष उकळूनही जात नाही.

याहून मोठा धोका ओळखीचा आहे. वाळल्यावर पाला काय, वेलीचे तुकडे काय, सगळे सारखेच दिसते. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा त्यातला एक मुद्दा होता. या वादातून घरांनी घ्यायचा धडा एकच: खात्रीने ओळखता येत नाही, ते वाळवू नये. आणि जे वाळवले, त्या बरणीवर नाव व तारीख लिहावी.

प्रमाणाचेही भान हवे. चमचाभर वाळलेली पाने म्हणजे साधारण तीन चमचे ताजी. चहात चिमूटभर घालणे वेगळे आणि रोज पेलाभर काढा पिणे वेगळे. गर्भवती, लहान मुले, यकृताचे रुग्ण आणि मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा सुरू करू नये.

‘काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला अनेक रुग्ण ‘नाही’ म्हणतात. काढा घरचा, मग तो औषधात कसला धरायचा? पण घरचा असला तरी तो यकृतातूनच जातो. दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पाकिटासोबत ती नाव लिहिलेली बरणीही न्यावी.