गुलाबी राईड निघून गेल्यावर

ऑक्टोबर आला की शहरांत गुलाबी फिती बांधलेल्या मोटारसायकली दिसू लागतात. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायका कुठे मागच्या सीटवर असतात, कुठे स्वतः गाडी चालवतात. फोटो छान येतात. पण राईड निघून गेल्यावर मोहल्ल्यातल्या बाईच्या हाती काय राहतं?

अमेरिकेत हा सिलसिला जुना आहे. १९९६ मध्ये तिथल्या महिला मोटारसायकलस्वारांनी ‘पोनी एक्सप्रेस’ नावाची राईड काढून या आजारासाठी पैसा जमवला. मला मात्र शारजाहचं ‘पिंक कॅराव्हॅन’ जास्त विचार करण्यासारखं वाटतं. २०११ पासून घोडेस्वार साती अमिरातींतून फिरतात आणि त्यांच्यासोबत तपासणीचा फिरता दवाखानाही जातो. तपासणी मोफत, आणि ती बाहेरून कामाला आलेल्यांचीही होते. आपल्या कोकणातली किती घरं त्या मुलखात आहेत, ते सांगायला नको. पुरुषांनाही तपासतात. हा कॅन्सर पुरुषांना क्वचित होतो, पण होतो!

आता आपल्याकडचं बघा. भारतात बायकांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांच्या आसपास मृत्यू. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागे जवळपास एक मौत. याचं एक मोठं कारण म्हणजे उशीर.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या अम्मीने गाठ वर्षभर लपवली. नंतर मला म्हणाल्या, “मॅडम, दुखत नव्हतं, मग कुणाला काय सांगायचं? आणि डॉक्टर मर्द असला तर?” गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, तिथेच फसगत होते. मर्द डॉक्टरची शरम मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्यावर इलाज आहे.

तो मुंबईतच सापडलाय. टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तन तपासत होत्या. मशीन नाही, मर्द डॉक्टर नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. त्याहून लहान वयात तसा ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशीपुढच्या बायकांसाठी ही तपासणी ठरवलेली आहे. पण आपल्या किती घरांना ते माहीत आहे?

बऱ्या झालेल्यांचं दुखणं वेगळंच. ऑपरेशननंतर कुणाचा हात सुजतो, मग कळशी उचलणंही जड जातं. फेरतपासणीला परळला जायचं तर गाडीभाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते. टी-शर्टांच्या खर्चात असे कितीतरी फेरे निघतील.

यंदा आमच्या गावची पोरं रॅलीची वर्गणी मागायला आली. मी म्हटलं, देते, पण सोबत नर्सबाई कोण येणार ते आधी सांगा. शाळेचा हॉल मी मागून घेते, पडदेही लावून देते. विचारून येतो म्हणाले. अजून आलेले नाहीत.