‘दुसरं आहे, पटकन होईल’ या वाक्याविरुद्ध

श्रीरामपुरात, आणि श्रीरामपुरातच कशाला, नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या बाईला नऊ महिने एकच वाक्य ऐकायला मिळतं. ‘दुसरं आहे ना, मग कसली काळजी? पटकन होईल.’ सासूबाई म्हणतात, शेजारीण म्हणते, दवाखान्यातली मावशी म्हणते, तपासताना सिस्टरही म्हणते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरीही हे वाक्य निरुपद्रवी नाही, असं माझं म्हणणं आहे. त्याच्या भरवशावर घर निर्णय घेतं, दवाखाना निर्णय घेतो, आणि बाळंतपण ठरल्यासारखं झालं नाही की त्याचा जाब मात्र बाईला विचारला जातो.

आधी या वाक्यातलं खरं तेवढं मान्य करू. दुसऱ्या बाळंतपणाच्या कळा सरासरीनं कमी वेळ चालतात, हे वैद्यकशास्त्रही सांगतं. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांतल्या ६२,४१५ बायकांच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडेपर्यंत पहिलटकरीण आणि दुसऱ्या खेपेची बाई यांच्या वेगात फारसा फरक नसतो. दुसऱ्या खेपेचा वेग वाढतो तो त्यानंतर. म्हणजे चार सेंटीमीटरवर असलेल्या बाईला ‘दुसरं असून अजून कसं होत नाही?’ असं विचारणं हे अनुभवाचं बोलणं नाही, अज्ञानाचं आहे.

तासाला एक सेंटीमीटर हा हिशेबही असाच डोक्यात बसलेला आहे. त्याचं मूळ इमॅन्युएल फ्रीडमन या अमेरिकी डॉक्टरच्या १९५५ मधल्या आलेखापर्यंत जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की केवळ तासाला एक सेंटीमीटरपेक्षा गती कमी आहे म्हणून हस्तक्षेप करू नये; आई आणि बाळ ठीक असतील तर पाच सेंटीमीटरनंतर पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत आणि पुढच्या खेपांना दहा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. दहा तास! आमच्याकडं दुसऱ्या खेपेच्या बाईला तीन तास झाले की नातेवाईक बाकावरून उठून येरझाऱ्या घालायला लागतात.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. पहिल्या खेपेला बाळ अडलं तर पिशवी बहुधा थकते, कळा मंदावतात. पुढच्या खेपेला पिशवी तशी थांबत नाही. अडथळा असला तरी जोर लावत राहते, आणि त्यात ती फाटण्याचा धोका असतो. प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे शिकवलेलं असतं. म्हणून दुसऱ्या खेपेला चांगल्या कळा असूनही बाळ सरकत नसेल, तर कळांचं इंजेक्शन वाढवण्याआधी ते का अडलंय हे पाहायला हवं. ‘होईल, दुसरंच आहे’ हे वाक्य नेमकं याच वेळी घातक ठरतं.

घर या वाक्यावर काय निर्णय घेतं ते बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, अशी आपल्याकडची रीत. पहिल्या वेळी सातव्या महिन्यापासून आई जवळ असते. दुसऱ्या वेळी बाई कळा सुरू होईपर्यंत भाकऱ्या थापते, थोरल्याला अंगणवाडीत सोडते. पैशांची, गाडीची, रक्ताची सोय बघून ठेवली जात नाही. आणि अडलं की पुढं पाठवायचं म्हणजे इथून लोणीला पंचवीसेक किलोमीटर, नगरला ६०-७०. गळिताच्या हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्यांमागं गाडी अडकली की काय होतं, हे इथं कुणाला सांगायला नको.

माझ्या दुसऱ्या वेळेची हकीकत मुद्द्यापुरती सांगते. पहिली मुलगी साधी, सात तासांत झाली होती. दुसऱ्या वेळी बाळाचं डोकं खालीच होतं, पण तोंड माझ्या पाठीकडं असायला हवं ते पोटाकडं होतं. सगळ्या कळा कमरेत. सात सेंटीमीटरवर गाडी थांबली ती पुढं सरकेना. ‘या वेळी काहीतरी वेगळं आहे, कंबर तुटतेय,’ असं मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, ‘दुसरं आहे ताई, जोर लावा.’ सात सेंटीमीटरवर जोर लावायचाच नसतो. एकीनं वरून पोटही दाबलं. शेवटी बाळाचे ठोके उतरायला लागले आणि सीझर ठरलं. सीझर योग्यच होतं. मुलगा धडधाकट आहे, मीही आहे. पण ते ठरलंय हे मला मावशीकडून कळलं. ‘मिस्टरांची सही झालीय’, एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर वर्षभर मला दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणायची, ‘पहिलं नॉर्मल आणि दुसऱ्याला सीझर? पैशासाठी कापलं.’ दुसरी म्हणायची, ‘तुला कळा सोसल्या नसतील.’ एकाच्या लेखी डॉक्टर चोर, दुसऱ्याच्या लेखी बाई नाजूक. बाळ अडलं होतं, ही साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात येत नव्हती.

पैशाचा संशय उगीच आलेला नाही, हेही म्हटलं पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के बाळंतपणं सीझरनं झाली, खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४. सरकारी आणि खासगीत जाणाऱ्या बायकांची शरीरं इतकी वेगळी नसतात. पण या आकड्यांमुळं प्रत्येक सीझर लबाडी ठरत नाही. गरज नसताना केलेलं सीझर आणि जीव वाचवणारं सीझर यांतला फरक बाईला कळायचा असेल तर तिला कारण सांगावं लागेल. कारण सांगितलंच नाही तर प्रामाणिक डॉक्टरही संशयितांच्या रांगेत उभा राहतो. न बोलण्याची किंमत डॉक्टरही मोजतात, हे त्यांना दिसत कसं नाही?

‘इमर्जन्सीत समजावायला वेळ कुठं असतो?’ हा नेहमीचा बचाव. तालुक्याच्या गावात बऱ्याच दवाखान्यांत भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो. माझ्या वेळी तो यायला चाळीस मिनिटं लागली. ‘बाळ फिरलेलं नाही, ठोके कमी होताहेत, आता थांबणं धोक्याचं आहे’ हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं.

आणि सही माझी का नाही? सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. न्यायालयानं म्हटलं, सज्ञान आणि समर्थ रुग्णाची संमती तिचीच हवी. जीव वाचवण्यासाठी ताबडतोब करावंच लागेल तेवढं सोडून दुसऱ्या कुणाची चालत नाही. कळा देणारी बाई शुद्धीवर असते. तरी फॉर्म नवऱ्याकडं जातो, कारण बिल त्याच्याकडं जाणार असतं.

ज्यांचं पहिलं सीझर झालं त्यांची अडचण उलटी. त्यांना ‘पटकन होईल’ कुणी म्हणत नाही, ‘आता सीझरच’ म्हणतात. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन यांनी एकदा सीझर म्हणजे कायम सीझर असं म्हटलं, तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत. आता बहुधा खालच्या भागात आडवा घेतात, आणि योग्य निवड केली तर अशा प्रयत्नांपैकी ६० ते ८० टक्के नॉर्मल होतात. पिशवी फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. तो खरा आहे, म्हणून हा प्रयत्न चोवीस तास ऑपरेशनची सोय असेल तिथंच करावा. पण पहिल्या वेळी छेद कुठला घेतला, का घेतला, हे बाईच्या कागदावर लिहिलेलंच नसेल तर दुसऱ्या डॉक्टरनं निर्णय घ्यायचा कशावर?

सरकारचंही दुसऱ्या खेपेशी असंच नातं आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्याला ६,०००, पण मुलगी झाली तरच. मुलींचं स्वागत व्हावं हा हेतू मी समजू शकते. पण ही मदत बुडालेल्या मजुरीपोटी आहे, आणि मुलगा झाला म्हणून कांदा काढणाऱ्या बाईची मजुरी कमी बुडत नाही. टाकेही कमी पडत नाहीत.

मागण्या मोठ्या नाहीत. बाळंतपणाच्या खोलीत ओळखीची एक बाई असू द्या. केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत २०१६ मध्येच त्याला परवानगी दिली आहे. पोट दाबणं बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेनं ते करू नये असं सांगितलेलं आहे. सही बाईची घ्या. घरी सोडताना काय झालं आणि का झालं हे मराठीत चार ओळींत लिहून द्या. यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही.

घरच्यांकडूनही एकच मागणं. दुसऱ्या खेपेची बाई ‘या वेळी वेगळं वाटतंय’ म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा. पहिली खेप कशी होती हे खोलीतल्या सगळ्यांत तिलाच माहीत असतं. तिचा अनुभव तिला गप्प करायला वापरला जातो, तो तिचं ऐकायला वापरला पाहिजे.