कडी आतून हवी

“टॅली गादीवर आहे, ती गादीवरच राहणार. तुमचं ते क्लाउडबिउड पुण्या-मुंबईला.” नंदुरबारात मिरचीच्या एका पेढीवर हे ऐकलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या पेढीवर संगणक विकणारा एक गृहस्थ सांगत होता, “शेठ, सगळं क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा.” मी या दोघांच्या मध्ये पोट भरणारा माणूस आहे. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो, अडली की धावतो. त्यामुळे या दोन्ही समजुती किती महागात पडतात ते मला जवळून दिसतं.

आधी भांडण कशावरून आहे ते सांगतो. दसऱ्याच्या आगेमागे बाजार समितीत ओली लाल मिरची उतरायला लागते. व्यापारी ती घेतो, गावाबाहेरच्या पथारीवर सुकवतो, देठ खुडून घेतो आणि सुका माल बाहेरगावी रवाना करतो. गाडी भरली की बिल, ई-वे बिल, पार्टीला निरोप, ड्रायव्हरचा नंबर. दिवस मावळताना शेठला हवा असतो उरलेला माल आणि थकलेलं येणं. बिल निघालं की पार्टीला आपोआप निरोप जावा, तारीख उलटली की उधारीची आठवण जावी, ही कामं हल्ली पॉवर ऑटोमेट, झॅपिअर यांसारखी साधनं करतात. पण ही साधनं दूरच्या सर्व्हरवर आणि आकडे मात्र पेढीतल्या टेबलाखाली, मिरचीच्या धुळीने लाल झालेल्या डब्यात. बाहेरून त्या डब्याला हाक मारायची सोय नाही. त्याचा 192.168 ने सुरू होणारा पत्ता दुकानाच्या भिंतींच्या आतच चालतो, आणि नेट कंपनीनेही बहुधा अनेक गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे उभं केलेलं असतं.

पहिला पक्ष गादीवाल्यांचा. त्यांची भीती खोटी नाही. धंद्यातली खरी किल्ली आकड्यांत असते. ओल्याची सुकी होताना कोणत्या मालात किती घट आली, हे मिरचीचा व्यापारी भाच्यालाही सांगत नाही. पण “आमचे आकडे बाहेर जातच नाहीत” हे म्हणणं मला मान्य नाही. माल राज्याबाहेर चालला आणि किंमत 50 हजारांच्या वर असली की ई-वे बिल लागतं; ते कुठे जातं? उलाढाल 5 कोटींच्या वर गेली की 1 ऑगस्ट 2023 पासून व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचं प्रत्येक करपात्र बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून क्यूआर कोड आणावा लागतो, आणि हे काम टॅली गादीवरूनच, इंटरनेटवरूनच करते. वर्षअखेरीला सगळा हिशोब पेनड्राइव्हवर सीएकडे जातो. थकबाकीच्या यादीचा फोटो तर रोजच व्हॉट्सॲपवर फिरतो. वही कपाटात आहे हे खरं, पण त्या कपाटाची मागची फळी निघून बरीच वर्षं झाली.

आणि गादीवर आहे म्हणून सुरक्षित, हेही खरं नाही. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला. तो शिरला कुठून? एम.ई.डॉक या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ते सॉफ्टवेअर लोकांच्या स्वतःच्या कार्यालयात, स्वतःच्या संगणकात होतं. मेर्स्क ही जहाज कंपनी त्यात ठप्प झाली आणि आपल्या न्हावा शेव्याला जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनलही थांबलं. क्लाउडशी काही देणंघेणं नसलेल्या हिशोबाच्या पेटीतून आग लागली आणि कंटेनर रायगडच्या किनाऱ्यावर अडकले. आपल्या पेढ्यांतली स्थिती काय असते ते मी लिहीत नाही. ज्याच्या संगणकात फुकटात मिळवलेलं विंडोज आणि दुरून संगणक चालवू देणारं, चोवीस तास उघडं एनीडेस्क आहे, त्याला ते कळेल.

दुसरा एक पक्ष आहे. तो स्वतःला पक्ष म्हणवत नाही, ‘जुगाड’ म्हणवतो. मला सगळ्यांत जास्त राग त्याचा येतो. “साहेब, राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, झालं काम.” हा काय प्रकार आहे तो नीट पाहू. टॅलीला सर्व्हरसारखं चालवलं की ती नेटवर्कवर साधारणपणे 9000 क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसते. तिच्यात पेढीचा हिशोब उघडा असला की एक्सएमएलमध्ये कुणी काही विचारलं तर ती उत्तर देते. थकलेल्या येण्याची यादी माग, देते. माल माग, देते. विचारणारा कोण, हे ती विचारत नाही, कारण ही सोय घरच्या घरी, आतल्या आत वापरण्यासाठी केलेली आहे. त्याहून पुढे, त्याच वाटेने नवे व्हाउचर आत टाकताही येतात. आता स्थिर आयपी घेऊन हे पोर्ट राउटरमधून बाहेर काढलं की काय झालं? आडतीचा गल्ला रस्त्यावर मांडला आणि वर कोरी पावतीपुस्तकंही ठेवली. इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. त्यांना नंदुरबार कुठे आहे हे माहीत असायची गरज नसते. एका दुकानात असं उघडं पोर्ट मी स्वतःच्या हाताने बंद केलं, तेव्हा मालकाचा पहिला प्रश्न होता, “मग मोबाइलवर आकडे दिसायचे ते आता बंद का?”

तिसरा पक्ष सगळंच क्लाउडवर टाकणाऱ्यांचा. यांचं एक म्हणणं बरोबर आहे. मोठी कंपनी सर्व्हरची जितकी निगा राखते तितकी आपण टेबलाखालच्या डब्याची राखत नाही. बॅकअपचं तर विचारूच नका. (पेढी कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर हिशोबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं 2022 पासून बंधनकारक आहे. आमच्याकडे बहुतेक पेढ्या भागीदारीच्या, त्यामुळे हा नियम ऐकून सगळे सुटल्यासारखे हसतात.) पण सगळं बाहेर ठेवलं की बिल काढायलासुद्धा बाहेरची परवानगी लागते. अवकाळीचं आभाळ भरून आलं, पथारीवर ताडपत्र्या ओढायची धावपळ सुरू आहे, भरलेली गाडी काट्यावर उभी आहे आणि रस्ता खोदताना कुणी तरी नेटची केबल तोडली. त्या वेळी बिल कुठून निघणार? ई-वे बिलाला नेट लागतंच, ते मोबाइलवरून भागवता येईल. पण मालाची नोंद, पार्टीचं खातं, भाव हे सगळंच बाहेर असेल तर मुनीम नुसता पडद्याकडे बघत बसेल.

तुटलेल्या केबलपेक्षा मोठी गोष्ट जुलै 2025 मध्ये झाली. गुजरातेतल्या वाडिनारला तेल शुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले, आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, माहिती स्वतःची, पण हात लावता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा सुरू झाल्या. नायराला वकील परवडतात. आपल्या पेढीने कुठल्या न्यायालयात जायचं? त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2024 च्या अखेरीला, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि तिच्या यंत्रणेवर चालणाऱ्या सुमारे 300 छोट्या बँका, बहुतेक सहकारी आणि ग्रामीण, पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. त्या बँकांनीही सगळी जबाबदारी एका जाणत्याच्या खांद्यावर टाकलेली होती.

माझं म्हणणं आता सांगतो. वही गादीवरच राहू द्या. साधन क्लाउडवरचंच वापरा. मधला दरवाजा ठेवा, पण त्याची कडी आतून हवी.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. यासाठीच गेटवे नावाची गोष्ट आहे. मायक्रोसॉफ्टचा डेटा गेटवे, क्लाउडफ्लेअरचा टनेल, सगळ्यांची रीत एकच. पेढीतल्या संगणकावर एक छोटी सेवा बसते आणि ती आतून बाहेर फोन लावते, तुम्ही ब्राउझर उघडता तसा. बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. क्लाउडवरच्या साधनाला काही हवं असलं की ते आधीच लावलेल्या त्या फोनवर विचारतं, आणि उत्तर त्याच तारेवरून जातं. स्थिर आयपी लागत नाही. नेट गेलं तर फोन तुटतो, नेट आलं की पुन्हा लागतो. मधल्या काळात गादीवरची बिलं निघतच राहतात. पार्टीला निरोप तासभर उशिरा गेला म्हणून मिरची सडत नाही.

तरीही टॅलीला सरळ गेटवेला जोडू नका. दर तासाला टॅलीतून मोजके आकडे एका साध्या एसक्यूएल टेबलात उतरवायचे: बिल नंबर, पार्टीचं नाव, रक्कम, देय तारीख, गाडी नंबर. बाहेरच्या साधनाला दिसणार ते फक्त हे टेबल, आणि तेही नुसतं वाचायच्या परवानगीने. खरेदीचा भाव त्यात नाही. घट त्यात नाही. शेतकऱ्याचं बँक खातं तर नाहीच नाही. त्याचा पैसा बाजार समितीच्या पट्टीवर आहे, त्याला तुमच्या निरोपांशी काम नाही. काय बाहेर जाणार ही यादी एका कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी, असा माझा हट्ट असतो. संगणकवाल्यांना तो चमत्कारिक वाटतो, मुनीमांना लगेच कळतो.

ही कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आधारची ओळख पटवण्याची मूळ रीत काय आहे? बोटाचा ठसा आणि नंबर विचारायला जातो, परत येतं ‘हो’ किंवा ‘नाही’. ठशांचा साठा जागचा हलत नाही. पुढे केवायसीच्या नावाखाली नाव-पत्ताही जाऊ लागला आणि झेरॉक्सवाल्यांनी तर आधारची पार पत्रिका करून टाकली, ते वेगळं. पण प्रश्न आत यावा आणि गरजेपुरतं उत्तर बाहेर जावं, ही रीत टेंभलीला चालली तर नंदुरबारच्या पेढीला न चालायला काय झालं?

माझ्या म्हणण्यातली खोटही सांगून टाकतो, म्हणजे कुणी दुसऱ्याने सांगायला नको. गेटवे फुकट मिळाला तरी पॉवर ऑटोमेटमध्ये गादीवरच्या डेटाबेसला जोडायचं तर वरच्या दर्जाचा परवाना लागतो आणि तो दरमहा भाड्याचा. एन-एट-एनसारखं साधन स्वतःच्याच संगणकावर चालवलं तर भाडं वाचतं, पण मग त्याची राखण कुणी करायची ते आधी ठरवा. आणि गेटवे देणाऱ्या कंपनीने उद्या नायरासारखं तोडलं तर? तुटेल. निरोप बंद होतील. वही मात्र गादीवर उघडी असेल, आणि मुनीम पूर्वीसारखा फोन उचलेल. मी घेतो तो धोका एवढाच आहे.

पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मीही घोळ घातला. शेठच्या मुलाचा लॅपटॉप पेढीत सगळ्यांत चांगला होता, म्हणून गेटवे त्यावर बसवला. तीन दिवस निरोप सुरळीत गेले. चौथ्या दिवशी मुलगा लॅपटॉप मिटून लग्नाला सुरतेला गेला. निरोप बंद. पार्टीचा फोन आला, “माल निघाला का नाही?” माल निघाला होता, पोचतही आला होता. गेटवे लॅपटॉपवर बसवू नये, सदोदित चालू असणाऱ्या, यूपीएसवरच्या आणि झोपी न जाणाऱ्या संगणकावर बसवावा, हे त्याच्या सूचनांत लिहिलेलंच असतं. मी ते वाचलं नव्हतं.

दुसरी चूक माझी नव्हती, पण निस्तरावी मला लागली. बसवताना मायक्रोसॉफ्टचा गेटवे एक रिकव्हरी की मागतो. संगणक जळाला तर तोच गेटवे दुसऱ्या संगणकावर उभा करायला ती लागते. हरवली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं जोडत बसावं लागतं. एका पेढीत ती बसवणाऱ्या मुलाच्या डोक्यात होती, खातंही त्याच्याच ईमेलचं, आणि तो मुलगा नोकरी लागून केव्हाच बाहेरगावी गेलेला. कडी आतून होती, पण ती लावणारा बाहेर होता.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, या दसऱ्याला पहिली ओली मिरची उतरायच्या आत एक काम करा. तुमची साधनं कुणी जोडून दिली असतील त्याला बोलवा आणि विचारा: राउटरमध्ये बाहेरून उघडलेलं पोर्ट आहे का, बाहेर काय काय जातं त्याची यादी कुठे आहे, आणि रिकव्हरी की कुणाच्या तिजोरीत आहे. तिसऱ्या प्रश्नाला “माझ्याकडे आहे, शेठ” असं उत्तर आलं तर ती त्याच दिवशी कागदावर उतरवून घ्या आणि खातं पेढीच्या ईमेलवर आणा.