मोजायला दोघे बसा

मार्चअखेर आली. मंडळ्यांमंडळ्यांतून पावतीपुस्तके, व्हाउचर आणि पासबुके टेबलावर येतील. मग वार्षिक सभा भरतील आणि कुठेतरी एखादे जुने खजिनदार दुखावून विचारतील, "इतकी वर्षं सेवा केली, आता माझ्यावर विश्वास नाही का?" आमचे बहुतेक वाचक वडील, सेवक किंवा कमिटीचे सभासद आहेत. म्हणून या प्रश्नावर स्पष्ट लिहितो.

यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने मासेदोनिया आणि अखयातील मंडळ्यांतून वर्गणी जमवली. यांतल्या कित्येक मंडळ्या त्यानेच उभ्या केलेल्या. तरी ती रक्कम त्याने एकट्याच्या हाती ठेवली नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 8वा अध्याय पाहा. तीताबरोबर त्याने एक बंधू दिला, तोही मंडळ्यांनी निवडलेला, आणि शिवाय आणखी एक. एवढ्या मोठ्या दानाबाबत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, आपला व्यवहार प्रभूसमोर तसा माणसांसमोरही स्वच्छ असावा, हे कारण तो स्वतःच देतो. साक्षीदार बरोबर घेण्यात प्रेषिताला कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

आपल्याकडे उपासना संपते, थैल्या वेस्ट्रीत जातात, दार लोटून एकच जण मोजतो. आकडा चिठ्ठीवर, चिठ्ठी खिशात, पैसे रात्रभर घरच्या कपाटात. बहुतेक ठिकाणी एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही, हे आम्ही खात्रीने सांगतो. पण एखाद्या रविवारी कुजबुज सुरू झाली, तर आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्या माणसाकडे काहीच नसते. चांगली माणसे अशाच कुजबुजीने सेवेतून उठली आहेत. दोघांनी मोजावे, ते दोघे एका घरातले नसावेत, आकडा तिथेच वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. दहा मिनिटांचे काम आहे.

कापणीच्या सणाच्या लिलावात तर वही हवीच. भोपळा, अंडी, कोंबडी, ज्वारीचे पोते; बोली आनंदाने चढते, घेतलेला भोपळा घेणाराच पुन्हा अर्पण करतो, तो परत लिलावात येतो. हा आनंद आपल्या मंडळ्यांचे वैभव आहे. पण बोलीची नावे पाठकोऱ्या कागदावर राहतात आणि महिन्यांनी उधारीवरून दोन घरांत अबोला धरला जातो.

प्रेषितांच्या कृत्यांतल्या 6व्या अध्यायातही तक्रार वाटपाचीच होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होते. मग निवडलेल्या सात जणांची नावे वाचा. स्तेफन, फिलिप्प यांच्यासह सातही ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांचे गाऱ्हाणे होते, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिले गेले. आपण मात्र हिशेब विचारणाऱ्याला भांडखोर ठरवतो. आमचे मत असे, की त्यालाच पुढच्या रविवारी मोजायला बसवा.

विश्वस्त बदलले असतील तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्या. तो राहिला की वारलेल्यांची नावे वर्षानुवर्षे दप्तरात राहतात आणि वादाच्या वेळी मंडळीची बाजू लंगडी पडते.

आणखी एक गोष्ट, आणि आम्हाला ती सर्वांत मोलाची वाटते. कोणत्या घरावर संकट आले, हे पाळकांच्या आधी बरेचदा खजिनदारांच्या वहीला कळते. दर महिन्याला न चुकता येणारे पाकीट एकाएकी थांबते. नोकरी गेली असेल, आजारपण असेल, नाहीतर मंडळीत कोणी मन दुखावले असेल. कमिटीत ते नाव थकबाकीत वाचू नका. पाळकांना एकांतात सांगा आणि त्यांच्याबरोबर त्या घरी जाऊन या. पावतीपुस्तक नेऊ नका.