फराळाच्या ताटातली शिदोरी

दिवाळीच्या फराळावर दिवाळी अंकांतून आजवर इतके लिहून झाले आहे की, चकली मोडली तर तिच्यातून एखादा विनोदी लेखच गळून पडायचा! मी त्या वाटेला जाणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. हे पोहे, हा रवा, हे खोबरे मुळात साठवले होते कोणासाठी? आपल्यासाठी खासच नव्हे.

फूल, फुलपाखरू आणि पराग इथवरची गोष्ट आपण सारेच शाळेत शिकलो. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या दांड्याच्या चिकट टोकावर, येऊन पडला की आपण पुस्तक मिटतो. जणू नवरदेव मांडवाच्या दाराशी आला की लग्न लागलेच! पण खरी गंमत तिथून पुढे आहे.

कुक्षीवरच्या ओलाव्याने परागकण फुगतो. त्याला एक सूक्ष्म नळी फुटते आणि ती दांड्याच्या आतून वाट काढीत थेट बीजांडापर्यंत पोचते. ही नळी पहिल्यांदा दिसली ती १८२४ साली, आमिची नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाला. तीही एखाद्या गुलाबात नव्हे, तर आपण जिची भाजी करतो त्या घोळीच्या फुलात! मक्याच्या कणसाचे जे मऊ केस आपण ओढून फेकतो, तो एकेक केस म्हणजे अशीच एकेका दाण्याकडे जाणारी वाट. ज्या वाटेने कोणी आले नाही, तो दाणा भरत नाही. मग कणसाची बत्तिशी विरळ दिसते.

आत अंधार, मग नळीला रस्ता कोण दाखवते? बीजांडातील अंडपेशीच्या शेजारी दोन मदतनीस पेशी असतात. त्यांना आपण करवल्या म्हणू. नळीला ओढून घेणारी द्रव्ये या करवल्याच सोडतात, हे जपानी संशोधकांनी २००९ साली तोरेनियाच्या फुलात दाखवून दिले. पावसाळ्यात कुंडीत जांभळी फुले येतात, तेच हे तोरेनिया.

आता मुहूर्ताची वेळ. नळीतून नर-पेशी येतात त्या एक नव्हे, दोन. एक अंडपेशीशी मिळते आणि रोपाचे बाळ जन्माला येते. दुसरी, बीजांडाच्या मधोमध असलेल्या दोन केंद्रकांशी एकरूप होते आणि बाळाचे अन्न तयार होऊ लागते. त्याला भ्रूणपोष म्हणतात. एका मांडवात दोन लग्ने! हे १८९८ साली कीव्ह येथे सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातील फुलांत पाहिले. भाताचेच उदाहरण घ्या. नर-पेशीत १२ गुणसूत्रे, अंडपेशीत १२. म्हणून बाळात २४. पण त्याच्या शिदोरीत मात्र ३६.

यातला व्यवहार पाहण्यासारखा आहे. बागेत शोभेला लावतात ते सायकसचे झाड शिदोरी आधी भरून ठेवते. बाळ झाले नाही तर सारे फुकट. फुलझाडे तसे करीत नाहीत. आधी बाळाची खात्री, मग डबे भरायचे. आमच्या घरच्या खर्चाच्या वहीतही इतका काटेकोरपणा नाही.

परवा नारळ वाढवताना वहिनींनी मला विचारले, “भावजी, एवढ्या बंद नारळात पाणी शिरते तरी कुठून?”

म्हटले, “वहिनी, ते शिरत नाही, तिथेच तयार होते. ती बाळाची पेज आहे.”

शहाळ्याचे पाणी म्हणजे पातळ भ्रूणपोषच. पुढे त्याच्या पेशी करवंटीला आतून धरू लागतात. आधी मलई होते, मग खोबरे. बाळ बिचारे नारळाच्या मऊ डोळ्याखाली इवलेसे निजलेले असते. भाताच्या दाण्यात ‘दूध भरले’ असे शेतकरी म्हणतो, ते दूधही हेच. गव्हाचा रवा आणि मैदाही तोच. हरभऱ्याचे बाळ मात्र अधाशी. ते शिदोरी आधीच फस्त करून आपल्या दोन दलांत साठवते. तेव्हा बेसनाचा लाडू म्हणजे त्या बाळाचे गुबगुबीत गालच म्हणायचे!

हसण्यावारी नेले तरी हे सारे फार नाजूक सुतावर लोंबते आहे. भाताचे फूल सकाळी तासा-दीड तासापुरते उघडते आणि त्याचा पराग काही मिनिटेच जिवंत राहतो. त्याच वेळी पाऊस कोसळला किंवा पारा ३५ अंशांच्या वर गेला, तर पुष्कळ फुलांत लग्न लागतच नाही. लोंब्या दिसायला भरघोस, पण हाती घेऊन चोळल्या की दाणे पोचट. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट, कर्जाचा हप्ता, मुलीच्या लग्नाचा बेत, सगळे त्या काही सकाळींवर ठरते. आणि आपल्याला शहरात ते कळते कसे? तर वाण्याच्या दुकानात तांदळाचा भाव वाढला म्हणून!

कोकणात आणि गोव्यात दिवाळीच्या पहिल्या दिवशी नव्या भाताचे पोहे खायची रीत आहे. पोहे गूळ-खोबऱ्याचे असोत, दह्याचे असोत की फोडणीचे, पहिला घास घेण्यापूर्वी एक दाणा बोटांत धरून जरा पाहावा. ही एका रोपाने आपल्या लेकरासाठी बांधून दिलेली शिदोरी आहे आणि ती आपल्यापर्यंत पोचावी म्हणून कोणीतरी चिखलात वाकून आभाळाकडे पाहत बसला होता. ताटात टाकून उठण्याजोगी ती नक्कीच नाही.

वाचकहो, ही दिवाळी तुम्हां सर्वांना सुखाची जावो आणि सगळ्यांच्याच शेतातले दाणे भरोत!