परिचयपत्रातून गाळलेली पहाट

कोडोलीलगतच्या वारणानगरात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; या पंचक्रोशीत पदवीधरांना तोटा नाही. परंतु त्यांची परिचयपत्रे वाचली की मन खिन्न होते. सारी एकाच छापाची! ‘कष्टाळू’, ‘ध्येयनिष्ठ’, ‘संघभावना असलेला’. पहाटे दूध संस्थेत फॅट काढून उत्पादकांचा हिशेब लिहिणारा तरुण नेमके तेच काम लाजेने गाळतो. (लाज कसली?) शिरोलीच्या कारखान्यात हिशेबनीस निवडणाऱ्याला तर तेच हवे असते: किती खाती, किती वर्षे, तफावत कशी शोधली. हे आरंभीच दोन ओळींत, साध्या भाषेत लिहावे. विशेषणे खुशाल वगळावीत. धाडण्यापूर्वी तो कागद वडिलांना वाचून दाखवावा. जिथे ते हसतील, ती ओळ खोडावी.